तुमच्या फोनमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नाव कशासाठी?

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि तेव्हापासून फोंडा तालुक्यातल्या आमच्या भागात मला एकच प्रश्न विचारला जातोय: जुन्या कॉम्प्युटरचं आता करायचं काय? मी उच्च माध्यमिकच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. त्यामुळे पालक, शेजारी, देवस्थान समितीवरचे लोक, सगळे हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. एके दिवशी वर्गातही तेच बोलणं निघालं. विंडोज, मॅक, अँड्रॉइड अशी नावं मी फळ्यावर लिहीत होतो. तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलाने काच तडकलेला आपला फोन पुढे केला. सेटिंग्जमध्ये शिरून तो फोनविषयीच्या पानावर गेला होता, तिथून कायदेशीर माहितीत आणि तिथून लायसन्सच्या यादीत. बोटाने कितीही वर ढकला, संपायचं नाव घेत नाही अशी ती यादी. मधल्याच एका परिच्छेदावर अंगठा ठेवून तो म्हणाला, "सर, हें कितें?"

तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की स्वामित्वहक्क कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सचा, म्हणजे नियामक मंडळाचा. साल १९९३. मुलगा २००९ सालचा. फोन दीड वर्षापूर्वी म्हापशाच्या दुकानातून घेतलेला. आपल्या जन्माच्या सोळा वर्षं आधीची ओळ आपल्या खिशात काय करतेय, हा त्याचा प्रश्न होता. प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला एक तास पुरला नाही. म्हणून हा लेख.

त्या ओळीमागे जे काम आहे त्याचं नाव बीएसडी, म्हणजे बर्कले सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन. नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. तरी आज सकाळपासून तुम्ही फोन हातात घेतला असेल, तर त्यातल्या कुठल्या ना कुठल्या तुकड्याने तुमचं काम केलेलं आहे.

आधी पडद्यामागे जाऊ

गोव्यात नाटक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जत्रेला, कालोत्सवाला गावचे हौशी कलाकार देवळाच्या प्रांगणात मराठी नाटक उभं करतात. प्रेक्षकांना दिसतात ती पात्रं. पण पडदा ओढणारा, दिवे सांभाळणारा, कुठल्या पात्राने कधी आत शिरायचं ते सांगणारा, एकच शेला दोन पात्रांना लागत असेल तर आधी कुणाला द्यायचा ते ठरवणारा, ही सगळी माणसं पडद्यामागे असतात. ती नसतील तर नाटक उभं राहणार नाही.

फोनवरची अ‍ॅप्स ही पात्रं समजा. पडद्यामागची व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसर कुणी किती वेळ वापरायचा, फाइल कुठे ठेवायची, नेटवर्कवर काय पाठवायचं, ही सगळी वाटणी ती करते.

आणखी एक शब्द लागेल: सोर्स कोड. नाटकाचा प्रयोग वेगळा आणि संहिता वेगळी. प्रयोग पाहून आनंद मिळतो, पण नाटकात बदल करायचा तर संहितेची वही हातात हवी. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. चालतो तो प्रयोग, आणि माणसाला वाचता येईल, बदलता येईल असं जे लिहिलेलं असतं तो सोर्स कोड. ती वही कुणाच्या ताब्यात असावी, यावरच आपली सगळी गोष्ट फिरते.

युनिक्सची वही बर्कलेत येते

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टम सुरू केली. छोटे छोटे प्रोग्राम, प्रत्येकाने एकच काम नीट करायचं आणि मोठ्या कामासाठी ते एकमेकांना जोडायचे, अशी तिची घडण होती. १९७३ मध्ये ती सी या भाषेत नव्याने लिहिली गेली, त्यामुळे एका कंपनीच्या यंत्रावरून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेणं सोपं झालं.

एटी अँड टी ही त्या काळी जवळजवळ मक्तेदार कंपनी. १९५६ च्या एका कोर्ट-समझोत्यामुळे तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात शिरायला मनाई होती. मग युनिक्स विकायचं कसं? कंपनीने ते विद्यापीठांना किरकोळ फीत, सोर्स कोडसकट दिलं. एका कायदेशीर बंधनामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती संहिता पडली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या शाखेत ती १९७४ मध्ये पोचली. १९७५ मध्ये थॉम्पसन स्वतःच वर्षभर तिथे शिकवायला आले. ते त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. त्याच सुमारास बिल जॉय नावाचा तरुण तिथे पुढच्या शिक्षणासाठी आला. त्याने युनिक्सवर केलेल्या सुधारणा आणि नवे प्रोग्राम एका टेपवर भरून मागेल त्याला पाठवायला सुरुवात केली. हीच १९७७-७८ ची पहिली बीएसडी. तिच्या सुमारे ३० प्रती गेल्या. मूळ नाटक बेल लॅब्जचं, त्यात बर्कलेने घातलेले प्रवेश वेगळ्या वहीत, असं तिचं स्वरूप होतं. हळूहळू ते नवे प्रवेशच इतके वाढले की लोक मूळ नाटकापेक्षा बर्कलेचा पाठ मागू लागले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने १९८० पासून या कामाला पैसा दिला, कारण आपल्या नेटवर्कवरची वेगवेगळी यंत्रं एकाच ऑपरेटिंग सिस्टमने बोलावीत असं तिला वाटत होतं.

मांडवीचा पूल पडला ते वर्ष

बीएसडीचं सगळ्यात मोठं देणं इंटरनेटचं आहे. ते नीट समजून घेण्यासाठी आपण फेरीबोटीने जाऊ.

समजा, चोडणला लग्न आहे आणि तीनशे माणसांचं वऱ्हाड रायबंदरच्या धक्क्यावर उभं आहे. एका फेरीत सगळी मावत नाहीत. मग काय करतो आपण? गट पाडतो, मिळेल त्या बोटीने पाठवतो, आणि पलीकडे एक जाणता माणूस यादी घेऊन उभा राहतो. मामा आले का? आत्येची मुलं कुठे आहेत? कुणी राहिलं तर अलीकडे फोन करतो, त्यांना पुन्हा पाठवा म्हणून. इंटरनेटवर फोटो पाठवला की हेच घडतं. फोटोचे शेकडो तुकडे होतात, ते सुटे सुटे जातात, पलीकडे मोजदाद होते, हरवलेला तुकडा परत मागवला जातो. ही मोजदाद करणाऱ्या नियमांना टीसीपी म्हणतात, आणि बोटीने कुठल्या धक्क्याला लागायचं त्या पत्त्याच्या नियमांना आयपी.

हे नियम बर्कलेने शोधले नाहीत. ते आधी कागदावर होते आणि काही ठिकाणी चालूही होते. पण १९८३ च्या ऑगस्टमध्ये ४.२ बीएसडी आली आणि तिच्यासोबत टीसीपी/आयपी चालत्या स्थितीत शेकडो विद्यापीठांत पोचलं. शिवाय बर्कलेने त्यासाठी एक धक्का बांधून दिला. फेरीचा उतार एकाच मापाचा असतो ना? स्कूटर असो, माशांचा टेंपो असो, चालणारा माणूस असो, बोटीच्या इंजिनाचं काहीही ठाऊक नसताना सगळे त्याच उतारावरून चढतात. तसा प्रोग्रामला नेटवर्कवर चढायचा उतार म्हणजे सॉकेट. 'सॉकेट उघड, पत्त्याला जोड, लिही, वाच, बंद कर' अशा मोजक्या आज्ञा. आजही फोनवरचं बँकेचं अ‍ॅप असो की रेल्वे तिकिटाची वेबसाइट, खाली कुठेतरी याच आज्ञा चालतात. विंडोजनेही आपला उतार याच मापावर बांधला.

आता १९८६ कडे वळू. त्या वर्षीच्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा लहान होतो. वडिलांचा हात धरून बेतीच्या धक्क्यावर उभा होतो तो दिवस मला लख्ख आठवतो. भरपावसात छत्र्यांना छत्र्या घासत होत्या. समोर पणजी दिसतेय, मधे एवढंसं पाणी, आणि बोटीत पाय ठेवायला मिळत नाही. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना पुढची गोष्ट अर्ध्या शब्दात कळेल.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट तुंबलं. बर्कलेचं विद्यापीठ आणि शेजारच्या टेकडीवरची लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांच्यात अंतर अवघं ४०० यार्ड. दोघांमधली जोडणी सेकंदाला ३२,००० बिट या वेगाने चालायची, ती ४० बिटांवर आली. आठशेपटीने मंद. तारा शाबूत होत्या, यंत्रं चालू होती. चूक होती ती पाठवणाऱ्यांच्या घाईत. तुकडा पोचल्याचा निरोप वेळेत आला नाही की प्रत्येक यंत्र तो हरवला असं धरून पुन्हा पाठवायचं. तो हरवलेला नसायचा, नुसता रांगेत अडकलेला असायचा. रांग आधीच लांब, त्यात त्याच माणसाची दुसरी प्रत येऊन उभी राहायची, मग तिसरी.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि बर्कलेच्या बीएसडी गटातले माइक करेल्स यांनी यावर जो उपाय केला, तो मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो. नवीन तारा नाहीत, मोठी यंत्रं नाहीत, मध्यभागी बसून हुकूम सोडणारा अधिकारी नाही. प्रत्येक पाठवणाऱ्याने आपणहून सबुरी धरायची. आधी एक तुकडा पाठव. पोचल्याचा निरोप आला की दोन पाठव, मग चार. वाढवत जा. निरोप येणं थांबलं तर समज की पुढे गर्दी आहे, आणि लगेच हात आखडता घे. मग पुन्हा हळूहळू वाढव. धक्क्यावरच्या प्रत्येक माणसाने असं वागायचं ठरवलं तर पोलिसांची गरज पडणार नाही. १९८८ मध्ये ४.३ बीएसडी-टाहो या आवृत्तीतून ही सुधारणा सगळीकडे गेली. तुमचा फोन आजही त्याच रीतीच्या वंशजाने चालतो. दिवाळीच्या रात्री सगळं गाव एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असताना टॉवर पूर्ण गुदमरत नाही, त्याचं एक कारण हे आहे. करेल्स २०२४ मध्ये वारले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती बातमी मला कुठे दिसली नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

चारशे माणसं आणि उरलेल्या सहा फाइली

इथवर एक गोष्ट बाजूला ठेवली होती. बीएसडीच्या वहीत बर्कलेचे प्रवेश असले तरी मूळ पानं एटी अँड टीची होती. १९८४ मध्ये त्या कंपनीचे तुकडे झाले, जुनं बंधन सुटलं आणि तिने युनिक्स धंद्याच्या भावाने विकायला काढलं. आता बीएसडी हवी तर आधी एटी अँड टीचं महागडं लायसन्स घ्या, अशी वेळ आली.

बर्कलेने १९८९ मध्ये आधी फक्त आपलं नेटवर्कचं काम वेगळं काढून मुक्त केलं. मग कीथ बॉस्टिक यांनी म्हटलं, उरलेलंही नव्याने लिहू. मूळ संहिता न बघता, तो प्रोग्राम काय करतो याचं प्रसिद्ध झालेलं वर्णन तेवढं वाचून, लोकांनी एकेक भाग लिहावा. मोबदला काय? नव्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या नावापुढे यादीत लिहिणाऱ्याचं नाव. बस्स. पैसा नाही, नोकरी नाही. सुमारे दीड वर्षात महत्त्वाचे जवळजवळ सगळे प्रोग्राम नव्याने लिहून झाले. १९९१ मध्ये हे सगळं बाहेर पडलं तेव्हा त्यात ४०० हून जास्त लोकांचा हातभार होता. फक्त सहा फाइली तेवढ्या सोडवता आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी नव्या लिहून बिल आणि लिन जॉलिट्झ या दांपत्याने १९९२ मध्ये साध्या घरगुती कॉम्प्युटरवर चालणारी ३८६बीएसडी दिली.

ज्या अटीवर हे दिलं ते बीएसडी लायसन्स मावेल तर पोस्टकार्डावर मावेल. मराठीत सांगायचं तर: घ्या, वापरा, बदला, विका. आमचं नाव आणि ही अट तशीच ठेवा. काही बिघडलं तर आम्हाला जबाबदार धरू नका. परवानगीशिवाय आमच्या नावावर जाहिरात करू नका. नाटकाच्या भाषेत, संहिता न्या, तिकीट लावून प्रयोग करा, आपल्या गावचे प्रवेश घाला, फक्त फलकावरचं लेखकाचं नाव पुसू नका. त्या मुलाच्या फोनमधली ओळ म्हणजे हा न पुसलेला फलक.

कोर्टात गेलेली दोन वर्षं

बीएसडीआय नावाच्या छोट्या कंपनीने हेच सॉफ्टवेअर विकायला घेतलं आणि १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स शाखेने तिच्यावर खटला भरला. पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. विद्यापीठाने उलट दावा केला: तुम्हीही तुमच्या युनिक्समध्ये आमचा बीएसडी कोड घेतलात आणि लायसन्सप्रमाणे आमचं नाव दिलं नाहीत. म्हणजे भांडण शेवटी नावावरच आलं. १९९४ च्या सुरुवातीला समझोता झाला. सुमारे १८,००० फाइलींपैकी ३ काढून टाकायच्या आणि ७० च्या आसपास फाइलींवर दुसऱ्या पक्षाचीही हक्काची ओळ घालायची. अठरा हजार पानांतली तीन पानं. त्यासाठी दोन वर्षं गेली.

ती दोन वर्षं फार महाग पडली.

मग हे लिनक्सच का?

नाही, आणि घोटाळा इथेच होतो. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्ससारखी पण स्वतंत्रपणे लिहिलेली लिनक्स सुरू केली. ३८६बीएसडी तेव्हा हाती असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती, असं त्यांनी स्वतः म्हटलेलं आहे. बीएसडीवर खटल्याची टांगती तलवार होती त्या काळात कंपन्या आणि हौशी मंडळी लिनक्सकडे वळली, आणि जिथे माणसं जमतात तिथे आणखी माणसं येतात. खटला हे एकच कारण नव्हतं. लिनक्समध्ये नव्या माणसाला आत यायला दार जास्त उघडं होतं, हेही मान्य करायला हवं.

अटींतही फरक आहे. लिनक्सचं लायसन्स म्हणतं: संहिता न्या, बदला, पण बदललेला पाठ दुसऱ्याला दिलात तर त्याची वहीसुद्धा द्या. बीएसडी ती सक्ती करत नाही. मला विचाराल तर दोन्ही पद्धतींना आपापलं पुण्य आहे. एक सांगते, दिलेलं दान पुढेही दान राहिलं पाहिजे. दुसरी सांगते, दिलं ते दिलं.

बर्कलेचा गट १९९५ मध्ये विसर्जित झाला. तोवर कुटुंब वेगळं राहू लागलं होतं. नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी ही दोन घरं १९९३ ची. नेटबीएसडीचा ध्यास वाटेल त्या यंत्रावर चालण्याचा, फ्रीबीएसडीचा भर सर्व्हरवर, म्हणजे नेटवरून इतरांना सेवा पुरवणाऱ्या यंत्रांवर. १९९५ मध्ये नेटबीएसडीतून वेगळे होऊन थिओ डी राट यांनी कॅनडातून ओपनबीएसडी सुरू केली. तिचं एकच व्रत, सुरक्षितता.

आज ते कुठे आहे?

स्टीव्ह जॉब्झ यांनी अ‍ॅपल सोडल्यावर काढलेल्या नेक्स्ट कंपनीची ऑपरेटिंग सिस्टम बीएसडीच्या पायावर होती. अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतली आणि २००१ मध्ये त्यातून मॅक ओएस टेन आली. २००७ चा आयफोन त्याच कुळातला. म्हणजे आयफोन हा बीएसडीचा नातू आहे असं म्हटलं तर चालेल. अँड्रॉइड लिनक्सवर चालतो, पण त्याच्या पोटातल्या बायॉनिक नावाच्या मूलभूत संग्रहात बीएसडीतून घेतलेला बराच कोड आहे. मुलाचा फोन अँड्रॉइड होता, आणि ती ओळ तिथे त्यामुळेच होती. विंडोजच्या काही जुन्या नेटवर्क प्रोग्राममध्येही हेच विद्यापीठाचं नाव सापडतं. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ची ऑपरेटिंग सिस्टम फ्रीबीएसडीवरून घडवलेली आहे.

नेटफ्लिक्सवर सिनेमा लावलात की तो ज्या पेट्यांतून निघतो त्या फ्रीबीएसडीवर चालतात. एकाच पेटीतून सेकंदाला ४०० गिगाबिट बाहेर काढल्याचं त्यांच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये दाखवलं होतं. आणि व्हॉट्सअ‍ॅप! प्रत्येक वाड्याचा, प्रत्येक कुळाचा, प्रत्येक नाट्यमंडळाचा ग्रुप ज्यावर आहे ते व्हॉट्सअ‍ॅप वाढलं ते फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवर. २०१२ मध्ये एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाख जोडण्या त्यांनी पेलल्या होत्या. कंपनी फेसबुककडे गेल्यावर ते काम पुढे लिनक्सवर नेलं गेलं, पण बाळसं धरलं ते इथे.

फुकट दिलं म्हणजे मोठ्यांनी लुबाडलं नाही का?

हा आक्षेप मुलांनी लगेच घेतला, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे अब्जावधी डॉलर आहेत त्यांनी स्वयंसेवकांची मेहनत घेतली आणि आपलं उत्पादन बंद पेटीत विकलं, हे खरं आहे. लायसन्सने तशी मुभाच दिलेली आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. इंटरनेटचे नियम कंपनीगणिक वेगळे झाले नाहीत, कारण चालता, तपासलेला नमुना कुणालाही विनाअट उचलता येत होता. अट घातली असती तर कित्येक कंपन्यांनी स्वतःचा वेगळा उतार बांधला असता, आणि एका कंपनीची बोट दुसऱ्या कंपनीच्या धक्क्याला लागली नसती. शिवाय घेणारे सगळेच हात झटकून जात नाहीत. नेटफ्लिक्स आपल्या सुधारणा फ्रीबीएसडीला परत देतं. त्यात त्यांचाही स्वार्थ आहे. आपण घातलेला प्रवेश मूळ संहितेत गेला नाही, तर दर वर्षी नव्या पाठात तो पुन्हा बसवत राहावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपचे जॅन कूम यांनी २०१४ मध्ये फ्रीबीएसडीच्या प्रतिष्ठानाला १० लाख डॉलर दिले.

त्याच २०१४ च्या सुरुवातीला ओपनबीएसडीवर काय वेळ आली होती माहीत आहे? सर्व्हरच्या विजेच्या बिलासाठी २०,००० डॉलर नव्हते. सगळं बंद करावं लागेल असं जाहीर आवाहन करावं लागलं, तेव्हा मदत आली. जगभरच्या बँका, सरकारं आणि कंपन्या ज्यांचं काम रोज वापरतात त्या लोकांवर ही पाळी यावी, हे मला आजही बोचतं. लायसन्समध्ये पैशाची अट नाही म्हणून आपल्यावर ऋणच नाही, असं मी मानत नाही.

सगळ्यांना वाचता येतं ते सुरक्षित कसं?

घराच्या कुलपाचा नकाशा चौकात लावला तर चोर येणार नाही का, असं एका पालकाने विचारलं. नकाशा पाहून कुलूप उघडत असेल तर ते कुलूपच कच्चं. चांगलं कुलूप नकाशा पाहूनही किल्लीशिवाय उघडत नाही, आणि नकाशा उघडा असला की कच्चा सांधा दाखवणारे जाणकारही भेटतात. अर्थात, जाणकारांनी तो पाहायला हवा. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही मोठी त्रुटी ओपनएसएसएल या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये सापडली. तो कोडही उघडाच होता, पण नीट वाचणारे फार थोडे होते. ओपनबीएसडीच्या लोकांनी लगेच त्याची प्रत घेऊन साफसफाई सुरू केली आणि लिब्रेएसएसएल वेगळं काढलं.

या घराचं सर्वांत मोठं देणं १९९९ चं ओपनएसएसएच. पर्वरीच्या ऑफिसात बसलेली मुलगी फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर काम करते, तेव्हा मधल्या कुणालाही तिचा पासवर्ड किंवा मजकूर वाचता येऊ नये म्हणून जो बंदिस्त रस्ता लागतो तो बहुतेक वेळा ओपनएसएसएच बांधून देतो. २०१८ पासून विंडोज १० मध्येही ते सोबतच येऊ लागलं. इंटरनेटवरचे बहुतांश सर्व्हर ज्या दाराने उघडले जातात ते दार एका छोट्या स्वयंसेवी गटाने घडवलेलं आहे.

मग जुन्या कॉम्प्युटरवर बीएसडी घालू का?

हिशेब लिहायला, मुलांच्या अभ्यासाला, मराठी टाइप करायला चालू स्थितीतला कॉम्प्युटर हवा असेल, तर आज मी लिनक्सची एखादी सोपी आवृत्ती सुचवीन. बीएसडीला नव्या वायफाय चिपचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, उशिरा मिळतात, आणि बसवताना बरंच काही हाताने करावं लागतं. अडलं तर शेजारी विचारायला माणूस सापडत नाही. हे सांगायला मला संकोच नाही.

पण शिकणाऱ्या मुलाच्या हातात जुना पीसी असेल तर फ्रीबीएसडी जरूर बसवावी. तिची माहिती-पुस्तिका अत्यंत नीट लिहिलेली आहे. संपूर्ण व्यवस्था एकाच घरात घडलेली असल्यामुळे कुठला भाग कुठे आहे ते शोधावं लागत नाही, आणि अख्खी संहिता तुमच्याच डिस्कवर ठेवता येते. रांगेत अडकलेला तुकडा आणि हरवलेला तुकडा यांच्यातला भेद ती कशी ओळखते, ते अकरावीचा मुलगाही सी शिकल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचू शकतो. आमच्याकडे प्रोग्रामिंग शिकवताना बहुतेक वेळा मुलांना दहा ओळींची उदाहरणं दिली जातात. मोठं, खरं, तीस-चाळीस वर्षं टिकलेलं लिखाण वाचायला दिलं जात नाही. नाटक शिकणाऱ्याला एकही पूर्ण संहिता न वाचता रंगमंचावर ढकलण्यासारखं आहे हे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बोलावलं. एका सहकाऱ्याचा मॅक होता. काळी खिडकी उघडून त्याला टाइप करायला सांगितलं: मॅन, मग २, मग सॉकेट. ही आज्ञा त्या उताराची माहिती दाखवते. पानाच्या तळाशी इतिहास असं छोटं शीर्षक असतं. तिथे एकच वाक्य होतं: सॉकेट ही आज्ञा ४.२ बीएसडीमध्ये प्रथम आली. साल मी सांगितलं, १९८३. त्याने जरा हिशेब केला आणि म्हणाला, "सर, म्हणजे माझ्या बाबांच्या वयाचं." मग खुर्ची पुढे ओढून तो पान पुन्हा वरपासून वाचू लागला.